तव्याचं प्रतिज्ञापत्र

३ जानेवारी, सोमवार

ही डायरी वकिलांसाठी छापलेली आहे. प्रत्येक पानावर 'पक्षकार', 'आजचे काम' आणि 'पुढील तारीख' असे रकाने आहेत. दुकानात रोज दोन कटलेट खाणाऱ्या एका वकिलांनी दिली. म्हणाले, "काका, दवाखान्यातून सुटून आलात, आता बसल्या बसल्या लिहा काहीतरी." मी म्हटलं, सुटलो कुठला, जामिनावर आलोय. खटला चालूच आहे.

तर पक्षकार येणेप्रमाणे. एका बाजूला मी, वय एकोणसत्तर, धंदा कटलेट. दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई, आमची ही, आणि चिरंजीव. तिघं तिकडे आणि मी एकटा इकडे.

गेल्या महिन्यात तव्यासमोर उभा असताना छातीत कळ आली. चार दिवस झोपवून ठेवलं. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. कागद वाचून म्हणाल्या, "आजोबा, रक्तात चरबी फार आहे. मटण बंद. एकदम नाही जमलं तर हळूहळू कमी करा. जड काही उचलायचं नाही. तीन महिन्यांनी परत रक्त बघू."

चिरंजीव विम्याच्या कचेरीत आहेत. त्यांना अटी घालायची सवय. "बाबा, तीन महिन्यांत आकडा खाली आला नाही तर दुकान बंद. तवा विकून टाकू."

"आधी मला वीक," मी म्हटलं, "मग तवा."

कोर्टाच्या फाटकासमोर एक्केचाळीस वर्षं दुकान आहे. एक तवा, चार बाकं. सकाळी तवा तापला की त्यावर पुरचुंडी फिरवायची, पहिलं कटलेट टाकायचं, आणि ते मी खायचं. गिऱ्हाईक नंतर. हा माझा नियम. पोरवयात मी ज्या खानावळीत भांडी घासायला लागलो, तिथला मालक स्वतःचं जेवण घरून मागवायचा. तेव्हाच मी कानाला खडा लावला: जे मी खात नाही ते मी विकत नाही.

आता म्हणतात मटण खायचं नाही. मग विकायचं काय, हवा?

५ जानेवारी, बुधवार

शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन कटलेट बांधायच्या कागदांवर झालं. कोर्टातली रद्दी स्वस्त मिळायची. अर्ज, कैफियती, साक्षी, सगळं वाचून काढलं. त्यामुळे 'सबब' आणि 'येणेप्रमाणे' माझ्या लिहिण्यात येणार. ही म्हणते, "तुमची किराणा मालाची यादीसुद्धा दाव्यासारखी वाटते."

आज हिला तोडगा सांगितला. आठवड्यातला एक दिवस मी मटण खाणार नाही. त्या दिवशी दुकानातही मटण नाही. माझा नियमही मोडणार नाही आणि डॉक्टरीणबाईंचाही राहील. पुढे एकाचे दोन दिवस, दोनाचे तीन.

"आणि त्या दिवशी गिऱ्हाइकांना काय देणार?"

"ते तू शोध."

"वा! आजारी तुम्ही, हट्ट तुमचा, आणि शोधायचं मी."

पण दुपारी बाजारातून आली ती सोयाबीनच्या कोरड्या गोळ्यांचं पुडकं घेऊनच.

१० जानेवारी, सोमवार

पहिला बिनमटणाचा दिवस. हिने घरच्या पॅनवर तेल सोडून सोयाची कटलेटं केली. पहिला घास घेतला.

"कसं आहे?"

"पावसात भिजलेला पुठ्ठा खाल्ला आहेस कधी?"

"नाही. तुम्ही खाल्लाय वाटतं?"

खाल्लं नाही, सबब विकलं नाही. दिवसभर चहा आणि पाव विकला. समोरचा स्टॅम्पवाला माझा जुना दोस्त. कोर्टाच्या पायऱ्यांशी पेटी मांडून स्टॅम्पपेपर विकतो. रस्ता ओलांडून आला, थंड तव्याकडे बघितलं आणि टोपी काढून उभा राहिला. जसं कुणी गेलंय.

"मेला नाही अजून," मी म्हटलं.

"तू की तवा?"

"दोघंही."

१७ जानेवारी, सोमवार

मश्रूम. पातेलंभर टाकले, वाटीभर उरले. पाणी एवढं सुटलं की कटलेट न होता आंघोळ झाली असती. आजही चहा-पाव.

२४ जानेवारी, सोमवार

राजमा कुस्करून. चव बरी, पण उलटायला गेलं की चिखल. चिरंजीव जेवायला आले होते. शांतपणे म्हणाले, "बाबा, कशाला ओढाताण? घरी बसा, पेपर वाचा." पेपर वाचायला काय, रोज दोन शेर वाचतो मी, कटलेट बांधता बांधता.

हट्ट म्हणा, काहीही म्हणा. घरी बसवलेला माणूस लवकर वाळतो. माझे दोन मित्र असेच वाळून गेले.

१ फेब्रुवारी, मंगळवार

काल घरी यायला रात्र झाली, सबब आज लिहितोय.

काल चौथा सोमवार. आम्ही दोघांनी रविवारभर डोकं चालवलं होतं. सोया भिजवून, कपड्यात घालून पिळून पिळून कोरडा केला. मश्रूम बारीक चिरून, काही न घालता, पाणी आटेपर्यंत परतले. उकडलेली मसूर, भाजलेल्या पावाचा चुरा, रंगाला थोडं बीट. मसाला माझाच, एक्केचाळीस वर्षांचा. हिने घरी पॅनवर एक भाजून दिलं. बरं होतं. फक्त बरं. मी जरा खट्टू झालो. म्हटलं, बघू, दुकानात नेतो.

दुकानात तवा तापवला, पुरचुंडी फिरवली, कटलेट टाकलं. आणि काय सांगू! वास असा सुटला की मीच मागे वळून बघितलं. कडा कुरकुरीत, आत मऊ, खाल्ल्यावर जिभेवर चव राहते. घरच्यात आणि ह्यात जमीन-अस्मानाचा फरक. मिश्रण तेच, मीठ तेच.

हिला सांगितलं, "तुझ्या पॅनला काही अक्कल नाही. माझा तवा शहाणा आहे. एक्केचाळीस वर्षं शिकलाय तो."

"असेल," ही म्हणाली. "तवा शहाणा आणि त्याचा मालक दीडशहाणा."

काल साठ गेली. साठ!

७ फेब्रुवारी, सोमवार

स्टॅम्पवाल्याचे डोळे रुमालाने बांधले आणि शनिवारचं मटणाचं एक, आजचं एक असं भरवलं. बराच वेळ चघळत बसला.

"दोन्हींत मटण आहे."

"एकात नाही."

"मग तू खोटं बोलतोस. ह्यात कुठंतरी बकरा आहेच."

त्याच्याकडून ह्याहून मोठी पावती मला मिळायची नाही. आजपासून सोमवार आणि मंगळवार, दोन दिवस बिनमटणाचे.

१४ फेब्रुवारी, सोमवार

आता सोमवार ते बुधवार. गिऱ्हाइकांत दोन तट. एक हवालदार रोज येतात, पाच कटलेट खातात आणि पोटावरून हात फिरवतात. आज म्हणाले, "काका, हा पालापाचोळा किती दिवस चालणार?"

"तुमची चौकशी चालते तितके दिवस."

बाकावरचे सगळे हसले. हवालदार चिडून उठले आणि तरी दोन बांधून घेऊन गेले.

काहीजण खरंच गेले. पलीकडच्या रस्त्याला तळलेली कोंबडी मिळते, तिकडे. जाऊ देत. मी कुणाच्या पाया पडून कटलेट खाऊ घातलेलं नाही.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

आठवड्याचे चार दिवस झाले. शुक्रवारी मटण, शनिवारी मटण. रविवारी कोर्ट बंद, दुकान बंद, घरी ही जे वाढेल ते. ती स्वतः मटण खाईनाशीच झाली आहे. विचारलं तर म्हणते, "वास नको वाटतो." बायकांचं काही कळत नाही. मला सोबत म्हणून सोडलं असेल असं चिरंजीव म्हणतात. मला तसं वाटत नाही, तिला मटण कधी एवढं आवडायचंच नाही. तरी परवा भांडी घासताना एकटीच म्हणाली, "शनिवारची हाडं चोखायला काय मजा यायची, नाही?" कोणाला म्हणाली कोण जाणे.

७ मार्च, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

कोर्टाच्या भिंतीला लागून छपराखाली टायपिस्टांची रांग आहे, तिच्यात एक टायपिस्टबाई बसतात. अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतात. एक टेबल, एक जुना टाइपरायटर, आणि तोंड बरोबर माझ्या दुकानाकडे. तीस वर्षं आम्ही एकमेकांच्या समोर आहोत. सकाळी मान हलवायची, संध्याकाळी मान हलवायची. दुपारी त्या घरचा डबा खातात. त्यांनी माझ्या उंबऱ्यावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

आज बारा वाजता रस्ता ओलांडून आल्या. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "काका, सोमवारी तुमच्याकडे मटण नसतं म्हणतात. खरं?"

"सोमवार ते गुरुवार नसतं, बाई. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा."

"अंडं?"

"तेही नाही. सोया, मश्रूम, मसूर, पाव, बीट. बस."

आत आल्या, बाकाच्या टोकाला बसल्या. मी सगळ्यात चांगलं उलटलेलं कटलेट दिलं. त्यांनी चमच्याने एक कोपरा मोडला. मग दुसरा. मग चमचा ठेवून हातानेच खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं मिरची लागली.

"तीस वर्षं हा वास घेतेय मी," त्या म्हणाल्या. "वास आवडतो हे स्वतःशी म्हणायचीसुद्धा लाज वाटायची."

मग सांगितलं. सात वर्षांच्या असताना घरात एक कोंबडी होती. ह्यांच्या मागे मागे शाळेच्या दारापर्यंत यायची आणि मास्तर हाकलेपर्यंत उभी राहायची. एके दिवशी पाहुणे आले. संध्याकाळी ताटात काय आहे ते ह्यांना परसातली पिसं बघून कळलं. तेव्हापासून नाही. कुणाच्या सांगण्यावरून नाही, कशाच्या भीतीने नाही. फक्त तिच्यासाठी.

"आज पहिल्यांदा," त्या म्हणाल्या, "समोर बसून खाता आलं."

मी तव्याकडे वळलो. बोलायला गेलो असतो तर मलाही मिरची लागली असती.

१५ मार्च, मंगळवार

टायपिस्टबाई रोज येतात. डबा आणणं बंद केलं आहे. आज स्टॅम्पवाला त्यांना म्हणाला, "बाई, तीस वर्षं शेजारी बसतो, मला कधी एक लाडू दिला नाहीत, आणि ह्याच्याकडे रोज?" त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी काही करून विकता? नुसता कागद विकता."

दुकानात असं हसू कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

२४ मार्च, गुरुवार

शनिवारीही मटण बंद. आता एकच दिवस माझा, शुक्रवार. तो मात्र मी सोडणार नाही, डॉक्टरीणबाई स्वतः हात जोडून आल्या तरी नाही. हिने विचारलं, "का?" म्हटलं, सगळं सोडून दिलं तर सोडायला काही उरत नाही, मग माणसाने जगायचं कशासाठी?

चार एप्रिलला रक्ताचा निकाल. चिरंजिवांना आत्ताच सांगून ठेवलं आहे की पेढे तू आणायचे.

४ एप्रिल, सोमवार

निकाल विरुद्ध लागला.

आकडा जवळजवळ तिथेच. दोन बोटं खाली, बस. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, कागद बदलला असेल, दुसऱ्या म्हाताऱ्याचा असेल. त्या हसल्या नाहीत.

"आजोबा, खरं सांगा. चोरून खाता?"

"चोरून? मी? आठवड्यात एक दिवस खातो, तोही दारं उघडी ठेवून."

"बाकीच्या दिवशी?"

"आमची बिनमटणाची कटलेटं. चव बघायला लागते, पाच-सहा होतात दिवसाला."

"कशात तळता?"

"तळत नाही. तव्यावर भाजतो."

"तव्याला काय लावता?"

"काही नाही. पुरचुंडी फिरवतो."

"पुरचुंडी म्हणजे?"

मी सांगायला तोंड उघडलं. 'फडक्यात बांधलेली बकऱ्याची चरबी' असं सांगायचं होतं. 'फडक्यात बांधलेली' इथपर्यंत आलो आणि पुढचे शब्द बाहेरच येईनात.

शेजारी बसलेली ही माझ्याकडे बघत राहिली. "अहो," ती म्हणाली, अगदी हळू, "तुम्ही ती अजून फिरवता?"

एक्केचाळीस वर्षं. तवा तापला की हात आपोआप खुंटीकडे जातो. मी हाताला कधी विचारलंच नाही. बुटाचे बंद बांधताना कोण विचार करतं? दर शुक्रवारी खाटकाकडून नवीन गोळा येतो, मी बांधतो, टांगतो. माझ्या लेखी ते मटण नव्हतंच. ते तव्याचं होतं.

शहाणा तवा! अक्कल नसलेला पॅन! सगळं मागे घेतो.

५ एप्रिल, मंगळवार

दुकान उघडलं नाही.

चिरंजीव सकाळीच आले. मला वाटलं, आता तवा विकायची भाषा करणार. उलट गोड बोलले. "बाबा, बरंच झालं, चूक सापडली. उद्यापासून तेल लावा, आणखी तीन महिने घेऊ, आकडा येईल खाली. विषय संपला."

"विषय संपला नाही. समोर एक बाई बसतात."

"त्यांना कशाला सांगता? कुणाला कळलंय?"

"मला कळलंय ना."

"बाबा, सांगितलंत तर एक माणूस पाय ठेवणार नाही दुकानात. ज्या दुकानासाठी एवढा आटापिटा केलात ते स्वतःच्या हाताने बुडवाल."

"मग बुडू दे माझ्याच हाताने. दुसऱ्याच्या हाताने तरी नको."

ते हिच्याकडे वळले. "आई, तू सांग ह्यांना."

ही मसूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना मी पंचेचाळीस वर्षं सांगतेय. तू प्रयत्न कर हवं तर." मग थोड्या वेळाने, "पण ह्या वेळी मी सांगणार नाही."

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. दवाखान्यात वाटली नव्हती एवढी. त्यांना तोंडावर सांगायचं म्हणजे शब्द कुठले आणू? मी फक्त कोर्टाचे शब्द शिकलो आहे.

तर मग कोर्टाच्याच शब्दांत.

६ एप्रिल, बुधवार

सकाळी दहाला स्टॅम्पवाल्याकडे गेलो. "एक स्टॅम्पपेपर दे. प्रतिज्ञापत्राचा."

"कारण काय लिहू?"

"चरबी."

त्याने चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, परत घातला आणि 'इतर' असं लिहिलं.

कागद घेऊन टायपिस्टबाईंच्या टेबलासमोर रांगेत बसलो. दोघं पुढे होते. नंबर आल्यावर त्या हसल्या. "काका, तुम्ही? तुमच्यावर कुणी दावा लावला?"

"मीच लावलाय. तुम्ही लिहा, मी सांगतो."

त्यांनी कागद चढवला. मी सांगत गेलो, त्या टाइप करत गेल्या. "मी खाली सही करणार, वय एकोणसत्तर, धंदा कटलेट, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, दिनांक एकतीस जानेवारीपासून दिनांक चार एप्रिलपर्यंत माझ्या दुकानात जी कटलेटं बिनमटणाची म्हणून विकली, ती ज्या तव्यावर भाजली, तो तवा मी रोज सकाळी बकऱ्याच्या चरबीने..."

टाइपरायटर थांबला.

त्यांची बोटं कळांवर तशीच होती. आजूबाजूला पाच-सहा टाइपरायटर वाजत होते, हाच एक गप्प. मला वाटलं, त्या कागद ओढून फाडतील. फाडावा असंही वाटलं.

त्या म्हणाल्या, "पुढे सांगा."

"...बकऱ्याच्या चरबीने पुसत होतो. हे मी सवयीने केलं, जाणूनबुजून केलं नाही. पण खाणाऱ्याच्या पोटात सवय जात नाही, चरबी जाते. सबब दोष माझा आहे. ज्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून खाल्लं, त्यांच्यातल्या एकीला मी 'माझ्या शब्दावर विश्वास ठेवा' असं तोंडाने म्हटलं होतं. तिची मी माफी मागतो. येणेप्रमाणे लिहून दिलं."

त्यांनी शेवटचं अक्षर मारलं, कागद काढला, माझ्यासमोर ठेवला. "वाचून सही करा."

मी सही केली. त्यांनी नेहमीचे पैसे घेतले. मी जास्त दिले नाहीत आणि त्यांनी कमी घेतले नाहीत. मी उठलो तेव्हा त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

७ एप्रिल, गुरुवार

प्रतिज्ञापत्राला काच लावून दुकानात तव्याच्या वर टांगलं. खुंटीवरची पुरचुंडी काढली आणि शुक्रवारच्या डब्यात बंद केली.

अकरा वाजेपर्यंत कोर्टभर झालं. एक वकील कधीच मांस खात नाहीत, ते दोन महिने माझ्याकडे येत होते. लालबुंद होऊन आले. "तुमच्यावर केस टाकतो!"

"टाका. पुरावा भिंतीवर आहे. साक्षीदारही मीच येईन."

ते काहीतरी पुटपुटत गेले. हवालदार मात्र काचेसमोर उभे राहून पूर्ण वाचून म्हणाले, "म्हणजे पालापाचोळा नव्हता तर! उगाच मी तुम्हाला बोललो."

आणि बाईंचं टेबल फिरलेलं आहे. तीस वर्षं तोंड रस्त्याकडे होतं, आज भिंतीकडे. मला त्यांची पाठ दिसते.

१२ एप्रिल, मंगळवार

नवा तवा आणला. जुना शुक्रवारसाठी ठेवला. स्टॅम्पवाला म्हणाला, "जुनाच जाळून घे, घासून घे, कशाला खर्च?" म्हटलं, तो तवा खोटं बोलला नाही, मी बोललो. तो जिथला आहे तिथे राहील. सोमवार ते गुरुवार आणि शनिवार नव्या तव्याचे.

नवा तवा म्हणजे नवी सून नव्हे, नवा जावई आहे. काहीही लावा, चिकटतो आणि तोंड वाकडं करतो. पहिली वीस कटलेटं खरवडून काढली. चव तीच, घरच्या पॅनवरची. बरी. फक्त बरी.

दिवसभरात अकरा गेली.

१८ एप्रिल, सोमवार

चौदा गेली. चिरंजीव आज दुकानात आले. बाकावर बसले, काचेतला कागद वाचला, एक कटलेट मागितलं.

"कसंय?"

"खरं सांगू?"

"विमावाल्याला जमेल?"

"कोरडं आहे."

मला त्याचा राग येण्याऐवजी बरंच वाटलं. ही म्हणाली, कांदा खरपूस करून घालून बघू, आणि तेल मिश्रणातच थोडं. संध्याकाळी दोघंही कांदा परतत उभे होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं. ह्या वेळी खरंच कांद्याचं.

२२ एप्रिल, शुक्रवार

माझा दिवस. जुना तवा, पुरचुंडी, मटण. दुकान तुडुंब. हवालदारांनी सहा खाल्ली. सगळे म्हणाले, काका, रोज हेच ठेवा, वाद कशाला.

पहिलं कटलेट मी खाल्लं. चांगलं होतं. एक्केचाळीस वर्षं चांगलंच आहे ते. पण खाताना भिंतीकडे वळलेली पाठ समोर दिसत होती. दुसरं खाल्लं नाही. उद्या नवा तवाच लागणार. गिऱ्हाईक येवो न येवो.

२८ एप्रिल, गुरुवार

कांद्याने फरक पडला. आणि नवा तवाही आता कटलेट सोडायला लागला आहे, रोज तेल पिऊन पिऊन. आज सव्वीस गेली.

साडेबाराला मी पाठमोरा होतो. मागून आवाज आला, "कोणत्या तव्यावर?"

वळलो तर टायपिस्टबाई. उंबऱ्याच्या आतच होत्या.

मी नवा तवा दाखवला. तेलाची बाटली दाखवली. खुंटी दाखवली, रिकामी. त्यांनी तिन्ही गोष्टी बघितल्या, जसा वकील पुरावा बघतो. मग बाकाच्या टोकाला बसल्या, त्यांच्या नेहमीच्या जागी. त्या जागी इतके दिवस कुणी बसलं नव्हतं. म्हणजे मी बसू दिलं नव्हतं.

मी कटलेट दिलं. दुकानात दहा माणसं असतील, सगळी एकदम चहा ढवळायला लागली.

त्यांनी एक कोपरा खाल्ला. बराच वेळ चावला.

"पूर्वीची चव नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"पूर्वीची जास्त चांगली होती."

"होती. खोटं कशाला सांगू? आता चव आहे तेवढीच आहे."

त्या चमच्याने ताटलीत रेघा ओढत राहिल्या. मग मान खाली घालूनच म्हणाल्या, "काका, तुमचा राग फार दिवस टिकला नाही माझा. तो आठवड्यात गेला. मला ती चव एवढी आवडली, हे मला सहन होत नव्हतं. तोंड कुठे लपवू असं झालं. तिच्यापुढे."

कुणापुढे ते मला कळलं. शाळेच्या दारात उभी राहायची, तिच्यापुढे.

मी म्हटलं, "बाई, जिभेला सातव्या वर्षीचं काही आठवत नसतं. ती आपल्याला न विचारताच खाते. मन तुमचं तेव्हाही जागेवर होतं, आजही आहे. चुकला तो माझा हात."

त्यांनी ताटली जवळ ओढली. कटलेट संपवलं, शेवटच्या कुरकुरीत कडेपर्यंत. हात धुतला, पैसे ठेवले, आणि उठताना म्हणाल्या, "उद्या आलं जरा जास्त घाला."

"उद्या शुक्रवार, बाई. उद्या मटण."

"मग शनिवारी."

पाच वाजता मी नवा तवा पुसत होतो. समोरून हाक आली, "काका! टेबल फिरवायचंय, जरा हात लावता का? एकटीला हलत नाही."

रस्ता ओलांडून गेलो. त्या टेबलाच्या एका टोकाला उभ्या होत्या, टाइपरायटर तसाच वर. स्टॅम्पवाला ओरडला, "अरे, तुला मनाई आहे ना? थांब, मी येतो."

"तू कागद वीक," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी जड उचलायला बंदी घातली आहे. मी माझी बाजू उचलली.